इथं झाडतं कोण?

उत्तर कॅलिफोर्नियातल्या हम्बोल्ट रेडवूड्स स्टेट पार्कमध्ये फाउंडर्स ग्रोव्ह नावाची राई आहे. जेमतेम अर्ध्या मैलाची गोल पायवाट. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून गाडीनं चार-पाच तासांवर, त्यामुळे सलग सुट्ट्या आल्या की तिथं मराठी हमखास कानावर पडते. अशाच एका उन्हाळ्यात, सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेल्या एका आजींनी तीनशे फुटी झाडांकडे मान वर करून पाहून घेतलं, आणि मग खाली बघत मुलाला विचारलं, "काय रे, अंगणासारखं लख्ख आहे. इथं झाडतं कोण?" मुलगा हसला. पार्कवाले झाडत असतील म्हणाला आणि फोटोसाठी पुढे गेला. प्रश्न तिथंच राहिला. पण त्या राईत विचारण्याजोगा तोच एक प्रश्न आहे, असं आता वाटतं.

त्या उंच झाडांच्या, म्हणजे रेडवूडच्या जंगलात येणारा जो तो वर बघतो. शेंडा दिसत नाहीच; दिसतात ते साठ-सत्तर मीटरवर धुक्यात विरत गेलेले खोडांचे करडे-तांबूस उभे पट्टे. खाली बघणारे थोडे. खाली गळलेल्या बारीक पानांचा मऊ तपकिरी थर असतो, त्यावर अंबुशीची हिरवी चादर. ही आपल्या कुंडीत आपोआप उगवणाऱ्या अंबुशीच्याच कुळातली, तीन पाकळ्यांच्या पानांची, फक्त पान चांगलं दीड-दोन इंच रुंद. तिच्यावर उन्हाचा कवडसा पडला की काही मिनिटांत पानं छत्रीगत खाली मिटतात आणि कवडसा सरकला की पुन्हा उघडतात, म्हणून भर दुपारी ही चादर ठिकठिकाणी मलूल दिसते. अधूनमधून सोर्ड फर्नचे, म्हणजे कमरेएवढ्या नेच्यांचे झुपके. आणि त्यांच्यामध्ये काहीच नाही. ना झुडूप, ना काटेरी वेल, ना खुरटं झाड. दोन बुंध्यांमधून नजर पन्नास-साठ मीटर सरळ आत जाते. याच जंगलात उतार चढून वर गेलं की चित्र पार बदलतं. हकलबेरीची दाटी, ऱ्होडोडेंड्रॉन, टॅनओक, डग्लस फर, पडलेल्या फांद्यांचा खच. पायवाट सोडून दहा पावलं टाकणं मुश्कील. पाऊस तोच, धुकं तेच, रेडवूडही तेच. फरक असतो तो नदीकाठच्या मळईचा, म्हणजे पुराच्या गाळानं झालेल्या सपाटीचा.

झाडते ती नदी. मात्र तिची तऱ्हा उलटी. ती कचरा नेण्यापेक्षा आणून टाकते जास्त.

इथला पाऊस ऑक्टोबर ते एप्रिल. मोठा पूर येतो तेव्हा पाणी काठ ओलांडून सपाटीवर पसरतं आणि पसरलं की त्याचा वेग पडतो. वेग पडला की आधी वाळू बसते, मग बारीक गाळ. या राईजवळून वाहणाऱ्या ईल नदीच्या खोऱ्यात एकेका पुरानं दोन-अडीच फुटांपर्यंत गाळ टाकल्याची नोंद आहे. झुडपं आणि रोपं त्याखाली सरळ गाडली जातात. मोठ्या झाडांचं मरण जरा सावकाश येतं. नव्या थराखाली जुन्या मुळांना हवा मिळेनाशी होते आणि डग्लस फर, ग्रँड फर यांच्यासारखी झाडं काही वर्षांत वाळतात. रेडवूड तेवढं टिकतं. त्याच्या जुन्या मुळांतून बारीक मुळं सरळ वर, ताज्या गाळात शिरतात आणि तात्पुरतं काम भागवतात. मग बुंध्याच्या पुरल्या गेलेल्या भागातून नव्या जमिनीलगत आडवी मुळं फुटतात आणि पसरायला लागतात. पुढचा मोठा पूर आला की हेच पुन्हा. बुल क्रीक या ओढ्यानं जिथं काठ उभा कापला आहे, तिथं गाळाच्या एकावर एक पट्ट्या आणि मुळांचे एकाखाली एक थर उघडे पडलेले दिसतात. काठावरून न घसरता ते बघता आले तर एखाद्या माहितीफलकापेक्षा जास्त कळतं.

बुंध्यावरूनही ओळखता येतं. उतारावरचं म्हातारं रेडवूड जमिनीलगत पसरट फुगलेलं असतं. मळईवरचं झाड पुष्कळदा तसं नसतं. खोड खांबासारखं थेट जमिनीत शिरतं, कारण फुगीर भाग केव्हाच पुरला गेलेला असतो. बियांनाही गाळ हवा असतो. बी जेमतेम तीन-चार मिलिमीटरचं. पालापाचोळ्याच्या जाड थरावर पडलं तर रुजलेलं रोप बुरशीनं मरतं किंवा मूळ मातीपर्यंत पोचण्याआधी सुकतं. उघड्या, ओल्या, ताज्या गाळावर पडलं तर निभावतं. उतारावर रेडवूड तुटल्या-जळल्या बुंध्यातून धुमारे फोडून वंश चालवतं. मळईवर ते पुराची वाट बघतं. खोल गाळ, हाताशी पाणी आणि दरीमुळे अडलेला वारा, म्हणून सगळ्यात उंच झाडं बहुतेक अशा सपाट्यांवरच. हायपेरियन हे २००६ साली सापडलेलं, ११५ मीटरांहून उंच झाड मात्र उतारावर आहे. तिथं जायला २०२२ पासून बंदी आहे. लोकांच्या पायांनी आजूबाजूचे नेचे गेले आणि माती दाबली गेली. मुळं फक्त दोन-चार मीटर खोल, पण तीस मीटर आणि त्याहून लांब पसरलेली. बुंध्याला मिठी मारायला गर्दी झाली की त्या झाडाचं पाणी तुटायला लागतं, इतकी ती उथळ.

मग हे उन्हाळ्यात जगतं कसं, हा प्रश्न उरतो. मे ते सप्टेंबर पाऊस जवळजवळ नाही. प्रशांत महासागरावरून येणारं धुकं पानांत अडकतं, थेंब होऊन खाली टपकतं. संशोधक टॉड डॉसन यांच्या १९९८ सालच्या अभ्यासानुसार जंगलात वर्षभरात येणाऱ्या पाण्यापैकी सुमारे एक-तृतीयांश अशा टिपकणीतून येतं. पानं धुकं थेट शोषतातही. धुक्याच्या सकाळी रेडवूडखाली उभं राहिलं तर आकाश कोरडं आणि डोकं ओलं, असा प्रकार होतो. शेंड्याजवळच्या फांद्यांवर तर नेच्यांची आणि कुजलेल्या पानांची माती साठते, त्या मातीत हकलबेरी वाढते, आणि एका जातीचा सॅलमँडर (पालीसारखा दिसणारा उभयचर) सगळं आयुष्य तिथंच काढू शकतो. त्याला नदीशी देणंघेणं नाही.

आता त्या राईच्या नावातले फाउंडर्स. १९१८ साली हेन्री फेअरफील्ड ऑस्बॉर्न, जॉन मेरियम आणि मॅडिसन ग्रँट यांनी सेव्ह द रेडवूड्स लीग ही संस्था स्थापन केली. हे जंगल उरलं ते बऱ्याच अंशी त्यांच्यामुळे. हे कबूल करायला हवं. तितकंच हेही खरं, की ग्रँट हे वंशश्रेष्ठत्वाचे कडवे प्रचारक होते आणि आशियाई लोकांना अमेरिकेचं दार लावून घेणाऱ्या १९२४ च्या कायद्यामागच्या चळवळीत त्यांचा मोठा हात होता. त्यांच्या स्मरणार्थ राखलेल्या राईत आज नऊवारीतल्या आज्या फिरतात. त्याचं समाधान वाटतं, लपवत नाही. लीगची रीत सरळ होती. देणगी गोळा करायची, लाकूड कंपन्यांकडून राई विकत घ्यायची, सरकारच्या हवाली करायची. १९३१ साली जॉन डी. रॉकफेलर धाकटे यांच्या वीस लाख डॉलरच्या देणगीच्या बळावर बुल क्रीकच्या काठचं हजारो एकरांचं जंगल असंच सुटलं. सलग उरलेल्या जुन्या किनारी रेडवूडचा तो आजही सगळ्यात मोठा तुकडा. विकत घेतली ती दरीतली सपाटी, कारण देखणं होतं ते तेवढंच. वरचे डोंगर कंपन्यांकडेच राहिले.

दुसऱ्या महायुद्धानंतर घरबांधणीचा सपाटा सुटला आणि बुल क्रीकच्या वरच्या डोंगरांवर बुलडोझर चढले. इथला खडक मुळात ठिसूळ, पिचलेला; जमीन अजून उचलली जातेय आणि भूकंप होत असतात. त्या उतारांवर ओंडके ओढायच्या वाटा खणल्या, ओढ्यांत माती लोटून गाड्यांसाठी भराव घातले. डिसेंबर १९५५ मध्ये पाऊस आला तेव्हा डोंगरच ओढ्यात उतरला. मळईला पोसतो तो बारीक गाळ. हे आलं ते गोटे, खडी, ओंडके. जड माल सपाटीवर पसरत नाही, पात्रातच बसतो. पात्र उथळ झालं की पाण्याला खाली जागा राहत नाही आणि ते बाजूला वळून काठ खायला लागतं. उथळ मुळांचं झाड, पायाखालची माती निघाली की संपलं. बुल क्रीकच्या काठची शेकडो जुनी रेडवूड त्या पुरात आणि नंतर कोसळली. त्यांच्यापैकी एकालाही कुणी करवत लावली नव्हती. ती सगळी संरक्षित होती.

डिसेंबर १९६४ चा पूर त्याहून मोठा. स्कोशिया गावाजवळ ईल नदीत ७ लाख ५२ हजार क्युसेक पाणी वाहिलं. लाखभर क्युसेकच्या विसर्गाची बातमी आली की सामान माळ्यावर टाकायला लागणाऱ्या आपल्याकडच्या नदीकाठच्या माणसाला हा आकडा वेगळा समजवायला नको. फाउंडर्स ग्रोव्हजवळच वीऑट गाव आहे. तिथं रस्त्याकडेला त्या पुराच्या पातळीची खूण खांबावर, मान पूर्ण मागे टाकावी लागेल इतक्या उंच लावलेली आहे. ऑगस्टमध्ये ती खूण बघून लोक शेजारच्या नदीकडे बघतात, जिथं पोरं गुडघाभर पाण्यात खेळत असतात, आणि त्यांना ती थट्टा वाटते. या खोऱ्याचा स्वभावच असा आहे. हिवाळ्यात अफाट आणि गढूळ, उन्हाळ्यात डबक्यांची माळ. उन्हाळा अखेरीस ईलच्या साउथ फोर्क या फाट्याच्या कोमट, साचलेल्या पाण्यात शेवाळासारखे काळपट हिरवे सायनोबॅक्टेरियाचे, म्हणजे एका जातीच्या जिवाणूंचे, थर धरतात. ते विषारी असू शकतात. कुत्री त्यांच्यामुळे दगावली आहेत. लहान मुलांना अशा कडेच्या डबक्यांत खेळू देऊ नये, वाहत्या पाण्यात न्यावं.

बुल क्रीकचा धडा तेवढ्यावर शिकला गेला असता तर बरं झालं असतं. १९६८ साली उत्तरेला रेडवूड नॅशनल पार्क झालं तेव्हा रेडवूड क्रीकच्या काठची एक लांबट, अर्धा मैल रुंदीची पट्टी तेवढी पार्कात घेतली. तिच्या टोकाला टॉल ट्रीज ग्रोव्ह, जिथं १९६३ साली तेव्हाचं सगळ्यात उंच झाड मोजलं गेलं होतं. नकाशावर ती पट्टी इतकी केविलवाणी दिसे, की तिचं नावच गांडूळ पडलं. दोन्ही बाजूंच्या डोंगरांवर तोड चालूच राहिली, पात्र खडीनं भरत गेलं, राईखालची भूजलपातळी वर यायला लागली. १९७७ साली पार्क वाढवायची चर्चा सुरू झाली तेव्हा लाकूडतोड्यांचा ट्रकमोर्चा थेट वॉशिंग्टनला गेला. भुईमुगाची शेती करणारे अध्यक्ष कार्टर यांना द्यायला त्यांनी रेडवूडच्या ओंडक्यातून भलीमोठी भुईमुगाची शेंग कोरून नेली होती. कार्टर यांनी ती घेतली नाही. त्या माणसांच्या रागाला मात्र अर्थ होता. झाडं वाचवायची म्हणून कामं बंद होणार होती, आणि सरकार विकत घेणार होतं ते बहुतांशी तोडून झालेले डोंगर. १९७८ साली ४८ हजार एकर वाढवले. खोडक्यांसाठी एवढे पैसे, अशी टीका झाली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला तो सगळ्यात शहाणा खर्च.

पुढचं काम कुणी पोस्टकार्डावर छापत नाही. सोडून दिलेले लाकडाचे रस्ते उखडायचं काम. जुना रस्ता बिघडतो तो बहुधा ओढा ओलांडतो तिथं. भरावाखालचा पाइप लहान असतो, एका हिवाळ्यात फांद्या आणि गोट्यांनी तुंबतो. पाणी भरावामागे साचतं. मग एकतर भराव फुटून सगळी माती एका दमात खाली जाते, नाहीतर पाणी रस्त्यावरून वळून भलत्याच उतारावर उतरतं आणि तिथं नवी घळ कापतं. उपाय म्हणजे एक्स्कॅव्हेटर आणि बुलडोझर लावून भराव पूर्ण काढायचा, मूळ पात्र लागेपर्यंत. मूळ जमीन लागली हे ओळखायचं ते पुरलेल्या खोडक्यांवरून, काळसर वरमातीच्या थरावरून आणि पाण्यानं जागच्या जागी बसवलेल्या दगडांवरून. त्याआधी थांबलं तर उरलेली माती पहिल्याच पावसात नदी घेऊन जाते. दोन्ही काठांचा उतार वरच्या-खालच्या नैसर्गिक काठाशी जुळवायचा. मधल्या रस्त्याची बाहेरच्या कडेला ढकललेली माती उचलून आतल्या कापाला लावायची, म्हणजे डोंगराला पुन्हा सलग उतार येतो. वर फांद्या पसरायच्या. सुरुवातीच्या वर्षांत हातानं लाकडी बांध घालणं, कुडं विणणं, रोपं लावणं यावर बराच खर्च झाला. नंतर लक्षात आलं, की माती नीट हलवली तर बाकीचं बरंचसं लागतच नाही.

ओंडक्यांचं तर उलटंच झालं. विसाव्या शतकात बरीच वर्षं सरकारी खात्याची माणसं ओढ्यांत अडकलेले ओंडके काढून टाकत होती. साल्मन माशांची वाट मोकळी करतोय, अशी त्यांची समजूत. आडव्या ओंडक्यावरून पडणारं पाणी खाली डोह खणतं, हे नंतर उमगलं. कोहो जातीच्या साल्मनचं पिल्लू समुद्रात जाण्याआधी वर्षभर गोड्या पाण्यात राहतं. त्याला उन्हाळ्यात गार डोह लागतो आणि हिवाळ्याच्या पुरात वेगापासून आडोसा. ओंडके गेले, डोह बुजले, पिल्लं गेली. आता तेच ओंडके यंत्रानं परत आणून टाकतात. प्रेअरी क्रीकच्या काठी ओ-रू या जुन्या गिरणीच्या जागेवर डांबर उखडून पात्र नव्यानं आखलं, त्यात मुळांसकट झाडं बसवली. ती जमीन मूळच्या युरोक लोकांना परत देण्याचा करार मार्च २०२४ मध्ये झाला. ओंडका टाकण्यातही हिशोब आहे. मुळांच्या गड्ड्यासकट असेल तर लांबी भरल्या पात्राच्या रुंदीच्या निदान दीडपट हवी, नुसतं खोड असेल तर दुप्पट. त्याहून आखूड ओंडका पहिल्या पुरात तरंगत निघतो आणि खालच्या पुलाच्या खांबाला जाऊन अडतो. शक्य असेल तिथं एक टोक काठावरच्या दोन उभ्या झाडांमध्ये अडकवतात, म्हणजे तारेनं बांधावं लागत नाही.

नदी या जंगलाशी कशी वागू शकते ते बघायचं तर अगदी उत्तरेला, स्मिथ नदीवर जावं. कॅलिफोर्नियातलं हे एकमेव मोठं नदीखोरं, ज्याच्या मुख्य प्रवाहावर धरण नाही. खडक वेगळा, कडक, सर्पेंटाइन नावाच्या खडकाचा भाग मोठा, गाळ कमी. पाणी पाचूच्या रंगाचं आणि तळाचा गोटा न् गोटा दिसेल इतकं नितळ. मिल क्रीक तिला मिळतो तिथं स्टाउट ग्रोव्ह आहे, अवघी ४४ एकरांची, मळईवरची राई. संध्याकाळी ऊन नदीच्या बाजूनं तिरपं आत येतं तेव्हा बघावी. तिकडे जाणारा हाउलंड हिल रोड कच्चा आणि अरुंद आहे, मोठी आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, घालू नये. फोटो काढायचे तर भर उन्हात काढू नयेत. उजेड-सावलीतलं अंतर कॅमेऱ्याला पेलत नाही, साल काळी आणि कवडसे पांढरे येतात. धुकं किंवा ढग हवेत, ट्रायपॉड हवा, ओल्या पानांवरची चकाकी मारायला पोलरायझर फिल्टर हवा.

लोक जुलै-ऑगस्टमध्ये जातात, कारण तेव्हा नदीवर हंगामी लाकडी साकव घातलेले असतात आणि पलीकडच्या राईत चालत जाता येतं. पाऊस सुरू व्हायच्या सुमाराला ते काढून ठेवतात, नाहीतर नदी नेते. पण नदीनं हे जंगल कसं घडवलं ते उन्हाळ्यात दिसत नाही. त्यासाठी फेब्रुवारी बरा, मोठा पाऊस पडून दोन-तीन दिवस गेल्यावर. तोवर स्मिथ बहुधा निवळलेली असते आणि १०१ हायवेनं दक्षिणेला आलं की ईल अजून चॉकलेटी असते. सपाटीवर पाणी चढून गेलं असेल तर अंबुशीच्या पानांवर गाळाचा पातळ थर दिसतो. रेडवूड क्रीकमध्ये तेव्हा उतरू नये. कमरेएवढं वाटलेलं पाणी खडीवरून पाय काढून नेतं. गमबूट घालून पायवाटेवर राहावं, पार्कच्या ऑफिसात कुठले रस्ते पाण्याखाली आहेत ते आधी विचारावं, आणि गाडीत कोरडे मोजे ठेवावेत.